पिवळ्या विमानांचं गाव

एक सोपा प्रश्न विचारते. विमान कशाचं बनवतात?

हाच प्रश्न मी आमच्या शाळेत चौथीच्या वर्गात विचारला होता. कुणी म्हणालं, "बाई, लोखंडाचं." कुणी म्हणालं, "ॲल्युमिनियमचं." मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र हळूच म्हणाली, "बाई, कापडाचं असेल. उडायचं म्हणजे हलकं नको का?" सगळा वर्ग खो खो हसला. आणि खरं सांगायचं तर मीही हसले.

त्या हसण्याची मला पुढे फार लाज वाटली. कुठे, माहीत आहे? थेट अमेरिकेत!

त्याचं असं झालं. माझी थोरली बहीण आणि दाजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात राहतात. दाजी तिथल्या विद्यापीठात काम करतात. ताई कितीतरी वर्षं 'ये, ये' म्हणत होती. शेवटी उन्हाळ्याच्या सुट्टीत तिनेच तिकीट पाठवलं आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या डोंगरात शिकवणारी ही तुमची बाई आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली. पण ते विमान प्रचंड मोठं. आत तीनशे माणसं! खिडकीतून फक्त ढग दिसले. आपण उडतोय असं वाटलंच नाही. एस.टी.त बसल्यासारखं वाटलं, एवढंच की खड्डे कमी!

एके दिवशी भाचा ओम म्हणाला, "मावशी, तुला खरं विमान बघायचंय? छोटं? मग लॉक हेवनला चल."

तर चला, आता तुम्हीही माझ्याबरोबर चला.

ताईच्या गावापासून लॉक हेवन मोटारीने पाऊण-एक तासावर आहे. वाटेतले डोंगर आपल्या सह्याद्रीसारखे नाहीत. सुळके नाहीत, कडे नाहीत. एखाद्या शेतकऱ्याने लांबच लांब बांध घालावा तशा सरळ रांगा आणि दोन रांगांच्या मधून रस्ता. मे महिना होता. सगळीकडे कोवळी हिरवी पालवी. डोंगराला वळसा घातला आणि समोर नदी आली. तिचं नाव सस्क्वेहॅना. म्हणून बघा दोन-तीनदा! मला नीट म्हणता यायला चार दिवस लागले.

या नदीच्या पश्चिम फाट्यावर लॉक हेवन वसलं आहे. गाव लहानसं. दहा हजारही वस्ती नाही. गावाचं नावही गमतीचं आहे. पूर्वी इथे कालवा होता. त्यातून नावा चालत. नाव वरच्या पाण्यातून खालच्या पाण्यात उतरवायची तर मध्ये दोन दारांची एक टाकीसारखी जागा लागते. तिला लॉक म्हणतात. आणि हेवन म्हणजे आसरा. जंगलात लाकडं तोडून ती नदीतून वाहून आणणारे लाकूडतोडे, नावाडी इथे विसाव्याला थांबत. म्हणून लॉक हेवन. पुढे जंगल संपलं, लाकडाचा धंदा बसला. रेल्वे आली, कालवाही गेला. नाव तेवढं राहिलं.

हे लक्षात ठेवा हं. या गावाने धंदे येताना पाहिले आणि जातानाही पाहिले. विमानाचा धंदा हा त्यांतलाच एक.

नदीच्या काठालाच विमानतळ आहे. विमानतळ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर मोठमोठ्या काचा, सरकते जिने येतील. इथे त्यांतलं काही नाही. एक धावपट्टी, काही शेड आणि भरपूर गवत. बाजूला एक इमारत. तिथे पूर्वी पायपर विमान कंपनीचे इंजिनिअर बसून विमानांचे आराखडे काढत. आता त्याच इमारतीत पायपर विमानांचं संग्रहालय आहे.

आत शिरलो आणि ते दिसलं. पिवळंधमक! हळदीच्या अंगाचं म्हणा ना! बाजूला विजेसारखी एक काळी रेघ ओढलेली. हेच ते प्रसिद्ध 'पायपर कब'. कब म्हणजे बछडा.

किती लहान असेल ते? लांबी सुमारे पावणेसात मीटर. म्हणजे आपल्या वर्गाच्या खोलीएवढी. पंख मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत पावणेअकरा मीटर. वजन रिकामं असताना साधारण साडेतीनशे किलो. एखाद्या म्हशीपेक्षा थोडं कमीच! आत दोनच जागा, एकीच्या मागे एक. एकट्याने उडवायचं असेल तर मागच्या जागेवर बसायचं. कारण इंजिन पुढे, पेट्रोलची टाकी पुढे. माणूसही पुढे बसला तर तोल बिघडेल.

तिथे एक वयस्कर आजोबा माहिती सांगायला होते. तरुणपणी ते याच कारखान्यात कामाला होते. त्यांनी मला विमानाच्या नाकावरची एक तार दाखवली. काचेच्या पुढे, पेट्रोलच्या टाकीच्या झाकणातून ती सरळ वर आलेली. टाकीत तिच्या खालच्या टोकाला बूच अडकवलेलं. पेट्रोल भरलेलं असेल तर बूच तरंगतं आणि तार उंच दिसते. पेट्रोल संपत आलं की बूच खाली जातं आणि तारही खाली. झाला की नाही पेट्रोलचा काटा! ना वीज, ना यंत्र. आपल्या विहिरीवरच्या टाकीलाही असं काहीतरी करता येईल, असं माझ्या मनात आलं.

इंजिन सुरू करायची रीतही तशीच साधी. बाहेर उभं राहून पुढचा पंखा हाताने जोरात फिरवायचा. इंजिनाची ताकद पुढे पुढे ६५ अश्वशक्ती झाली. म्हणजे आज आपल्याकडच्या लहान मोटारीला असते साधारण तेवढीच. वेग तासाला सुमारे १२० किलोमीटर. आणि उतरताना तर ते एस.टी.च्याच वेगाने जमिनीवर येतं.

मग मी सहज पंखाला बोट लावलं. टणक, पण पत्र्यासारखं गार नाही. बोटाने वाजवलं तर ढोलकीसारखा आवाज!

"हे कशाचं आहे?" मी विचारलं.

आजोबा म्हणाले, "कापडाचं."

मुलांनो, त्या क्षणी मला मागच्या बाकावरची ती मुलगी आठवली. आणि माझे कान गरम झाले.

सांगाडा पोलादी नळ्यांचा. नळ्या एकमेकींना जोडून सांगाडा करायचा आणि त्यावर सुती कापड शिवून चढवायचं. मग त्यावर 'डोप' नावाचं रोगणासारखं द्रावण फासायचं. ते वाळलं की कापड आकसतं आणि ताशाच्या कातड्यासारखं ताठ होतं. त्यावर पिवळा रंग. झालं विमान तयार!

ही गोष्ट अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लगेच सांगावीशी वाटली. का, ते आता सांगते.

आमचे अण्णा मुंबईला गिरणीत साचेवाले होते. साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र. आमच्या भागातली घरटी एक-दोन माणसं तेव्हा गिरणीत असायची. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप लांबत गेला. काही गिरण्या पुढे सुरू झाल्या, काही झाल्याच नाहीत. अण्णांना परत बोलावणं आलं नाही. ते गावी आले आणि शेती करू लागले. त्यांच्या साच्यावरचा एक जुना धोटा आमच्या माळ्यावर अजून आहे. लहानपणी मी तो होडी म्हणून पाण्यात सोडायची आणि बोलणी खायची.

तर मी तिथूनच फोन लावला. आपल्याकडे रात्रीचे आठ वाजले होते. अण्णांना फोनवर विमान दाखवलं आणि सांगितलं, "अण्णा, हे कापडाचं आहे!"

मला वाटलं, ते आश्चर्य करतील. ते म्हणाले, "कापड कसलं? इंचाला धागे किती?"

मी आजोबांना विचारलं. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. म्हणाले, "इंचाला ऐंशी ते चौऱ्याऐंशी. उभे तेवढेच आडवे."

मी ते अण्णांना सांगितलं. ते जरा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, "चांगलं दाट विणलेलं आहे. धरेल." जगाच्या दोन टोकांची दोन म्हातारी माणसं. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला इंग्रजी. पण कापडाच्या पोताबद्दल त्यांचं एका मिनिटात एकमत झालं!

आता हे पिवळं विमान या गावात आलं कसं, ते ऐका.

गिल्बर्ट आणि गॉर्डन टेलर हे दोघे भाऊ लहान विमानं बनवत. १९२८ मध्ये विमान कोसळून गॉर्डन गेला. गिल्बर्टने काम सोडलं नाही. तो पेनसिल्व्हेनियातल्याच ब्रॅडफर्ड नावाच्या गावी आला. तिथल्या व्यापाऱ्यांनी त्याच्या कारखान्यात थोडे थोडे पैसे घातले. त्यांतला एक म्हणजे विल्यम पायपर. त्याचा धंदा तेलविहिरींचा. विमानातलं त्याला फारसं कळत नव्हतं. पण तेवढ्यात मंदी आली. लोकांना पोट भरायला पैसे नाहीत, तिथे विमान कोण घेणार? कारखान्याचं दिवाळं निघालं. तेव्हा पायपरने तो सगळा कारखाना अवघ्या ७६१ डॉलरला विकत घेतला आणि गिल्बर्टला सोडून न देता बरोबर घेतलं.

पायपरचं म्हणणं सरळ होतं. विमान स्वस्त हवं, साधं हवं, शिकायला सोपं हवं. श्रीमंताची हौस म्हणून विमान नको. शिक्षकाला, शेतकऱ्याला, दुकानदारालाही उडता आलं पाहिजे.

'कब' हे नाव कसं पडलं, याची गंमत सांगतात. पहिल्या विमानाला जे इंजिन बसवलं त्याचं नाव होतं 'टायगर किटन', म्हणजे वाघाचं पिल्लू. ताकद फक्त २० अश्वशक्ती. कंपनीचा हिशेबनीस म्हणाला, मग विमानालाही बछडाच म्हणू या! पुढे झालं काय, ते इंजिन इतकं दुबळं निघालं की विमान जमीन सोडीना. ते काढून ३७ अश्वशक्तीचं दुसरं बसवलं. वाघाचं पिल्लू गेलं, बछडा मात्र कायमचा राहिला.

पुढे वॉल्टर जामूनो नावाच्या तरुण इंजिनिअरने त्या विमानाचे कोपरे गोल केले, रूप सुधारलं. गिल्बर्टला न विचारता हे झालं म्हणून तो भयंकर रागावला. शेवटी १९३५ च्या अखेरीला गिल्बर्ट बाहेर पडला. त्याने दुसरीकडे स्वतःचा वेगळा कारखाना काढला.

आणि मार्च १९३७ मध्ये ब्रॅडफर्डच्या कारखान्याला आग लागली. सगळं जळालं. पायपर नवी जागा शोधू लागला. तेव्हा लॉक हेवनमध्ये एक रेशमाची गिरणी बंद पडलेली होती. मोठी इमारत, शेजारी नदीकाठची सपाट जमीन, आणि काम मागणारी माणसं. आदल्याच वर्षी, १९३६ मध्ये, नदीला मोठा पूर येऊन गावाचं फार नुकसान झालं होतं. अशा गावात विमानाचा कारखाना आला!

ज्या गिरणीत रेशीम विणलं जायचं, तिथे आता पंखांवर कापड चढू लागलं. बंद गिरणीचा भोंगा पुन्हा वाजणं म्हणजे काय, हे गिरणगावातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

लॉक हेवनमध्ये कबची भरभराट झाली. सुरुवातीला एका विमानाची किंमत हजार डॉलरच्या थोडी वर होती. नवशिक्यांच्या शाळांनी ती धडाधड घेतली. दुसरं महायुद्ध जवळ आलं तसं अमेरिकेच्या सरकारने कॉलेजमधल्या मुलामुलींना विमान शिकवायची योजना काढली. १९३९ ते १९४४ या काळात तीतून चार लाखांहून जास्त लोक शिकले आणि त्यांतल्या बहुतेकांनी पहिले धडे याच पिवळ्या विमानात गिरवले. सैन्यातही कब गेलं. हिरवट रंग दिला आणि त्याला 'ग्रासहॉपर' म्हणू लागले. ग्रासहॉपर म्हणजे नाकतोडा. कारण शेतात, रस्त्यावर, कुठेही उतरायचं आणि टुणकन उडायचं.

त्या दिवसांत कारखान्यातून दर वीस मिनिटांना एक विमान बाहेर पडे. आपला शाळेचा एक तास होतो तेवढ्यात दीड-दोन विमानं! पुढे १९४७ पर्यंत या एकाच जातीची एकोणीस हजारांवर विमानं तयार झाली.

तुम्ही म्हणाल, मग तर गावाचं सोनंच झालं! थांबा. चढ असतो तिथे उतारही असतो.

युद्ध संपलं. लाखो वैमानिक घरी परतले. प्रत्येक जण एक विमान घेईल, असं कारखानदारांना वाटलं. १९४६ मध्ये अमेरिकेत पस्तीस हजारांच्या आसपास लहान विमानं बनली. पण परतलेल्या माणसांना आधी घर हवं होतं, नोकरी हवी होती. दोनच वर्षांत मागणी पार कोसळली. गिल्बर्ट टेलरने काढलेल्या टेलरक्राफ्ट कंपनीचं १९४६ मध्येच दिवाळं निघालं. एरॉन्का नावाच्या कंपनीने १९५१ मध्ये विमानं बनवणंच सोडलं. पायपरही बुडता बुडता वाचली. कशी? तर गोदामात उरलेले सुटे भाग वापरून तिने एक आखूड, अगदी साधं, स्वस्त विमान काढलं. त्याचं नाव 'व्हॅगाबाँड', म्हणजे भटक्या.

त्यानंतर बरे दिवस आले. पत्र्याची, दोन इंजिनांची विमानं निघाली. त्यांना अपाची, कोमांची, चेरोकी अशी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या जमातींची नावं दिली. पण 'चेरोकी' लॉक हेवनला बनत नव्हतं. ते बनत होतं हजारभर मैल दूर, समुद्रकाठच्या फ्लोरिडा राज्यात. तिथे व्हेरो बीच या गावी कंपनीने दुसरा कारखाना काढला होता. तिथे हवा उबदार, जागा मोकळी. पुढे १९६९ च्या सुमारास कंपनीचे शेअर घेण्यासाठी बाहेरच्या मोठ्या कंपन्यांत चढाओढ लागली आणि कारखाना पायपर घराण्याच्या हातून गेला. १९७० मध्ये विल्यम पायपर वारले.

आणि जून १९७२ मध्ये 'अ‍ॅग्नेस' नावाच्या वादळाने नदीला महापूर आणला. कारखाना पाण्यात बुडाला. तयार विमानं, अर्धवट विमानं, ती बनवायचे साचे, सगळं चिखलात. 'कोमांची' हे विमान त्या पुरानंतर पुन्हा कधी बनलं नाही. आजोबा तेव्हा तरुण होते. फावड्याने चिखल उपसत होते. ते म्हणाले, "आम्हाला वाटलं, पाणी उतरलं की सगळं पूर्वीसारखं होईल." एवढं बोलून ते पिवळ्या विमानाकडे बघत राहिले.

तरी कारखाना आणखी बारा वर्षं चालला. १९८४ मध्ये मात्र लॉक हेवनचा कारखाना कायमचा बंद झाला. सगळं काम फ्लोरिडाला गेलं.

आता तुमच्यातला एखादा हुशार विद्यार्थी विचारेल, "बाई, चूक कुणाची?"

हा प्रश्न लहानपणी मीही अण्णांना विचारायची. आमची गिरणी का गेली? अण्णा म्हणत, "एका दोऱ्याने कापड फाटत नाही." इथेही तसंच आहे. दोरे मोजू या.

पहिला दोरा महागाईचा. पेट्रोल महागलं, कर्जावरचं व्याज वाढलं. हौसेने विमान घेणारे कमी झाले.

दुसरा दोरा मोठा विचित्र आहे. विमानं चांगली बनवली होती! नीट निगा राखली तर तीस-चाळीस वर्षं उडत. मग नवं कशाला घ्यायचं? कंपनीच्या नव्या विमानाशी स्पर्धा कोण करत होतं, तर तिचंच जुनं विमान.

तिसरा दोरा कोर्टाचा. समजा, तुमच्या आजोबांनी तरुणपणी सायकल घेतली. ती पाच जणांनी वापरली. आज तिचा ब्रेक तुटून कुणी पडलं आणि त्याने सायकलच्या कारखान्यावर नुकसानभरपाईचा दावा लावला, तर? अमेरिकेत लहान विमानांच्या बाबतीत तसं होऊ लागलं. अपघात झाला की कित्येक वर्षांपूर्वी विमान बनवणाऱ्या कारखान्यावर खटला. विम्याचा खर्च इतका वाढला की त्यानेच विमानाची किंमत फुगली. पण दुसरी बाजूही बघा हं. ज्याच्या घरचं माणूस अपघातात गेलं, त्याने दाद मागायची कुठे? कारखान्याने खरोखरच चूक केली असेल तर? म्हणून हा प्रश्न सोपा नव्हता.

आकडे बघा. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या कारखान्यांनी लहान-मोठी खासगी वापराची १७,८११ विमानं विकली. १९९४ मध्ये किती? फक्त ९२८! मोठ्या नावाच्या सेसना कंपनीने १९८६ मध्ये पेट्रोल इंजिनाची लहान विमानं बनवणं थांबवलं. पायपरने १९९१ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. शेवटी ऑगस्ट १९९४ मध्ये कायदा झाला. लहान विमान अठरा वर्षांहून जुनं झालं की, काही अपवाद सोडले, तर कारखान्यावर दावा लावता येणार नाही. त्यानंतर सेसनाने पुन्हा लहान विमानं सुरू केली. पायपरही १९९५ मध्ये नव्याने उभी राहिली आणि आजही व्हेरो बीचला विमानं बनवते. पण १९७८ चा आकडा काही परत दिसला नाही. आणि लॉक हेवनला कारखाना परत आला नाही.

संग्रहालयातून निघताना आजोबांनी विचारलं, "तुमच्या देशात अशी लहान विमानं बनली का?" मला उत्तर आलं नाही. मान खाली घालून गप्प बसले. घरी परतल्यावर पुस्तकं धुंडाळली आणि थक्क झाले. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात 'पुष्पक' नावाचं दोन जागांचं विमान बनलं होतं. ते पहिल्यांदा उडालं १९५८ मध्ये. देशातल्या फ्लाइंग क्लबांत कित्येक जण त्यावर शिकले. त्याचं रूप एरॉन्का कंपनीच्या 'चीफ' विमानाशी मिळतंजुळतं, आणि अंगावर कापडच! त्या कारखान्यात विमानांचे आराखडे करणाऱ्यांचे प्रमुख कोण होते, सांगू? डॉ. विष्णू माधव घाटगे. त्यांचं जन्मगाव हसूरचंपू. आमच्या शेजारच्या गडहिंग्लज तालुक्यातलं! इतक्या जवळची गोष्ट मला सातासमुद्रापलीकडे जाऊन शोधावी लागली.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही नदीकाठी फिरलो. आता तिथे पुरापासून रक्षण करणारा उंच बांध आहे. तो १९९५ च्या सुमारास पुरा झाला. बांधावरून चालायला छान वाट केली आहे. एका बाजूला नदी, एका बाजूला गाव. गाव ओस पडलेलं नाही. विद्यापीठ आहे, कागदाचा कारखाना आहे, मुलं सायकली फिरवतात. पण विमानतळाच्या बाजूला पाहिलं की धावपट्टी शांत.

ओम म्हणाला, "मावशी, तू जूनमध्ये यायला हवं होतंस." दर वर्षी जूनमध्ये इथे एक मेळा भरतो. कारखाना बंद झाला १९८४ मध्ये आणि हा मेळा सुरू झाला १९८६ मध्ये. अमेरिकेच्या कानाकोपऱ्यातून लोक आपापली जुनी पायपर विमानं उडवत या गावात येतात. गवतावर रांगेने पिवळी पिवळी विमानं उभी राहतात. पंखाखाली तंबू ठोकून माणसं झोपतात. ज्या गावाने त्यांना बनवलं त्या गावाला ती भेटायला येतात. माहेरवाशिणी पंचमीला येतात ना, तशी!

मला काही थांबता आलं नाही. पंधरा जूनला शाळा उघडणार होती.

शाळा उघडली. पहिल्याच दिवशी मी त्या मुलीला पुढे बोलावलं. ती आता पाचवीत गेली आहे. वर्गासमोर म्हणाले, "तुझं उत्तर बरोबर होतं. मी हसले, ती माझी चूक होती." ती लाजली. मग पिवळ्या कबचं चित्र मी भिंतीवर लावलं आणि शेजारी अण्णांचा धोटा ठेवला. अण्णांनी तो स्वतःहून दिला. म्हणाले, "माळ्यावर ठेवून काय करायचं? पोरांना दाखव, विणतात कसं ते."

आता तुमच्यासाठी एक काम. तुमच्या गावात किंवा जवळपास एखादी बंद गिरणी असेल, बंद साखर कारखाना असेल, छापखाना असेल, मागाची शेड असेल. तिथे काम केलेलं एखादं म्हातारं माणूस शोधा. ते काय बनवत, कसं बनवत, ते विचारा. नीट ऐका आणि लिहून ठेवा. हातातलं एखादं हत्यार दाखवलं तर त्याचं चित्र काढा.

आणि एक सांगू? त्यांनी एखादी गोष्ट अशी सांगितली की तुम्हाला हसू येईल, तर माझ्यासारखं चटकन हसू नका. आधी बोट लावून बघा.